मागच्या सीटवरची मधली जागा

बाबा गेल्यावर आमच्या घरात दोघी मागे राहिल्या, आई आणि तिची सवत. सवत म्हणजे गाडी. हे नाव आईनंच ठेवलेलं. लांब नाकाची, गडद हिरवी, दार लावताना तिजोरीसारखा आवाज करणारी ती जुनी गाडी बाबांनी लग्नाआधी एका भंगारवाल्याकडून दोर बांधून ओढत आणली होती. पुढे आयुष्यभर त्यांचा नोकरीतून उरलेला वेळ दोनच ठिकाणी गेला, आमच्यात आणि तिच्यात. मित्र नाहीत, पत्ते नाहीत, पेपरसुद्धा आई वाचून दाखवेल तेवढाच ऐकायचे.

माणूस मात्र लाखात एक. आमचे बूट चमकवणं, वह्यांना कव्हरं घालणं, आजारपणात उशाशी बसणं, सगळं तेच करायचे. आम्ही झोपलो की नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचे. मी कॉलेजात जायला लागले तरी हे थांबलं नव्हतं. "बाबा, जिवंत आहे मी!" असं मी खेकसायचे, आणि ते ओशाळून "हो हो, झोप" म्हणत निघून जायचे.

गाडीच्या बाबतीत त्यांचं सोवळं कडक होतं. अस्सल सोडून एक वॉशरही चालायचा नाही. जन्मात कधी सिगरेट ओढली नाही, पण गाडीतल्या ॲशट्रेचं मूळ झाकण शोधायला वर्ष घालवलं, आणि ते मिळालं त्या दिवशी आम्हाला हॉटेलात जेवायला नेलं. एवढं करून जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात त्यांचा दरवर्षी दुसरा नंबर. पहिला एकदाही नाही. कपाटावर दुसऱ्या नंबरच्या कपांची रांग लागली होती आणि आई त्यांत कपड्यांचे चिमटे ठेवायची.

रविवारी सकाळी आम्ही सगळे त्या गाडीतून चक्कर मारायला जायचो. आई पुढे, दादा आणि मी मागे, तो त्या खिडकीशी, मी या खिडकीशी. मधली जागा मोकळी. तिथं दप्तर ठेवायचं नाही, पाय टाकायचे नाहीत, काही खायचं तर नाहीच. "चामडं खराब होतं," असं बाबा म्हणायचे. दादाला एक काम होतं. तो मागचा पहारेकरी. सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून बघत राहायचं आणि ओरडून सांगायचं, "बाबा, मागून ट्रक! बाबा, मागून बस!" काही नसेल तर "मागून कोणी नाही!" मग बाबा वळण घ्यायचे. आम्हाला तो खेळ वाटायचा. दादा त्यात इतका पटाईत झाला होता की नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायचा.

मला काही काम नव्हतं, म्हणून मी आरशात बघत बसायचे. पुढच्या काचेवर मधोमध टांगलेल्या त्या आरशात बाबांचे डोळे दिसायचे. ते सारखे वर बघायचे, सारखे. मला वाटायचं, माझ्याकडेच बघतायत. मी हसायचे, दात दाखवायचे, जीभ काढायचे. ते डोळे मात्र माझ्यावर नसायचे. माझ्या खांद्याच्या जरा बाजूला कुठंतरी असायचे. मग मी हळूहळू मधल्या जागेकडे सरकत जायचे, आणि नेमकं तिथं पोचले की बाबा म्हणायचे, "सरक बेटा, आपल्या जागेवर." दुसऱ्या कशाहीसाठी ते मला कधी रागावले नसतील. या एकाच गोष्टीसाठी आवाज बदलायचा. मला त्या मधल्या जागेची भीती वाटायला लागली. आमच्या दोघांच्या मध्ये कोणीतरी बसलंय, त्याला आम्ही दोघं दिसतोय आणि आम्हाला ते दिसत नाहीये, असं वाटून मी खिडकीला चिकटून बसायचे. पुढे वयाचं कारण सांगून मी रविवारी जायचंच बंद केलं.

आम्हाला एक बहीण होती, हे माहीत होतं. दादाच्या पाठची, माझ्या आधीची. घरात तिचा उल्लेख 'मधली' असाच व्हायचा, तोही चुकून. ताप आला आणि गेली, एवढंच आम्हाला सांगितलेलं. मी तेव्हा आईच्या पोटात होते. तिचा एक फोटो आईच्या कपाटात कपड्यांखाली असायचा आणि आम्ही तो पाहिला नाही असं सगळे धरून चालायचो.

बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले, दुपारचा चहा संपवून. त्यानंतर आईचं चित्त त्या गॅरेजमध्येच. मी दवाखाना आटोपून घरी डोकावले की ती घरात नसायची. गॅरेजचं दार लोटलेलं, आत अर्धा अंधार, पेट्रोल आणि चामड्याच्या पॉलिशचा बाबांना यायचा तोच वास, आणि आई गाडीत पुढे आपल्या जागेवर बसलेली. ती बोलत असायची. हळू आवाजात, कोणाला तरी समजावत असल्यासारखी. मी दार वाजवलं की गप्प व्हायची. एकदा ती घरात असताना मी एकटीच आत गेले. चाकांवर, बॉनेटवर, बाबांच्या सीटच्या पाठीवर, सगळीकडे धुळीचा थर होता. फक्त मागच्या सीटवरची मधली जागा लख्ख होती. मी हात लावला. चामडं गार होतं, तरी मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि बाहेर आले. मी दातांची डॉक्टर आहे, लोकांच्या दाढा उपटते, घाबरट नाही. पण त्या दिवशी मी गॅरेजचं दारसुद्धा न लोटता निघून आले, खोटं कशाला बोलू?

"गाडी विकायची," दादा म्हणाला. "ती गेली की आई त्या खोलीतून बाहेर येईल. नाहीतर ती आपल्या हाताला लागायची नाही."

मी लगेच हो म्हटलं. आईला विचारलं तर ती भांडी घासत राहिली. फक्त किल्ली दिली नाही. दादानं दुसरी किल्ली शोधून काढली.

गाडी न्यायला आले ते परीक्षककाका. मेळाव्यात दरवर्षी बाबांना दुसरा नंबर देणारे हेच. निवृत्त इंजिनियर, शर्टाच्या खिशात कायम एक छोटा पेचकस. आले ते गाडीभोवती फिरून तिच्यावर हात फिरवत राहिले. रविवारच होता तो, सकाळची वेळ. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नव्हती.

"बाहेर उजेडात घ्या," काका म्हणाले.

दादा माझ्याकडे बघायला लागला. बाबांनी कधी कोणाला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता, आणि आमचा दादा तर अजून त्यांना घाबरतो. "सरक तिकडे," म्हणून मीच चढले. सीट खोल गेलेली, बाबांच्या अंगाच्या खळग्यात मी अर्धी बुडाले. गाडी मागे घ्यायची म्हणून आरशात बघितलं तर आरशात छत. नुसतं छताचं पिवळट कापड.

माझा अख्खा दिवस छोट्या आरशात बघण्यात जातो. कोन कसा लावायचा हे मला कोणी शिकवायला नको. मी आरसा खाली वळवायला गेले, तो हलेना. जोर लावला. ढिम्म.

"तो नाही हलायचा," काका खिडकीशी येऊन म्हणाले. "स्क्रू मारलाय त्यात. बघा वर, सांध्यातच." खरंच, चकचकीत जुन्या क्रोमच्या मधोमध एक काळा ओबडधोबड स्क्रू होता, कपाटाच्या बिजागरीला मारतात तसला. "या एका स्क्रूपायी पहिला नंबर गेला हो यांचा, दरवर्षी. बाकी गाडीत नाव ठेवायला जागा नाही. मी किती वेळा म्हटलं, हा काढा, कप घेऊन जा. म्हणायचे, राहू द्या, पहिला दुसऱ्या कोणाला द्या."

"पण का?" दादानं विचारलं.

"मी विचारलं नाही. माणूस एवढा सोवळ्याचा, काहीतरी असेल." काकांनी खिशातून पेचकस काढला. "सरका जरा. दोन फेऱ्यांत निघेल."

"काढू नका."

आई गॅरेजच्या दारात उभी होती. तिच्या हातात बैठकीतल्या खुर्चीवरची उशी होती. ती सावकाश आत आली, माझ्याकडचं दार उघडलं आणि म्हणाली, "ऊठ. ही घे खाली. तू बुटकी, ते ताडमाड. तुला कसं दिसेल?"

मी उशी घेतली, तिच्यावर बसले, पाठ ताठ केली आणि वर बघितलं.

आरशात रस्ता नव्हता. मागची काचही नव्हती, तिचा खालचा काठ जेमतेम दिसत होता. आरशात पूर्ण भरून, अगदी नीट, मधोमध, मागच्या सीटवरची मधली जागा होती.

मी मागे वळले नाही, वळवलंच नाही मला. आई दार धरून उभी राहिली आणि काकांच्या समोरच बोलायला लागली. आम्हाला इतकी वर्षं जे सांगितलं नव्हतं ते तिनं तिथं, गॅरेजमध्ये उभ्यानं सांगितलं.

"तुझ्या वेळी मला अंथरुणातून उठायची बंदी होती. मधलीला ताप चढला. दादाला शेजाऱ्यांकडे ठेवलं आणि हे एकटेच तिला घेऊन निघाले. आडवी ठेवली तर वळणावर पडेल, म्हणून दोन्हीकडून उश्या लावून मध्ये बसवली. वाटेत बोलत होती म्हणे. बाबा, आलं का, बाबा, आलं का. हे म्हणत होते, आलं हं, आलंच. गर्दी होती. आरशातून मागच्या गाड्या बघत, वाट काढत हाकत होते. मग ती गप्प झाली. यांना वाटलं, झोप लागली. बरं वाटलं गं त्यांना. दवाखान्यात दार उघडलं तेव्हा कळलं. कोणत्या वळणावर गेली ते त्यांना कधी समजलंच नाही. 'सगळा वेळ माझी नजर मागच्या गाड्यांवर होती,' एवढंच म्हणत राहिले. घरी आले आणि पहिलं काम हे केलं. मिळेल तो स्क्रू घेतला आणि मारला."

दादा मागच्या दाराची मूठ धरून उभा होता. माझ्या मनात ते नाकापाशी धरलेलं बोट आलं. "जिवंत आहे मी" म्हणून मी कितीदा खेकसले होते. आणि ते डोळे. मी जन्मभर ज्या नजरेत घुसायला धडपडले, ती नजर तिच्यावर होती. आणि त्याच जागेला भिऊन मी लहानपणी खिडकीला चिकटून बसायचे.

"तेव्हाच विकायला निघाले होते," आई म्हणाली. "मीच म्हटलं, नाही. ती शेवटची बसली ती जागा आहे. ते रोज पुसायचे. आता मी पुसते. तिच्याशी दोन शब्द बोलते. मला वेड लागलेलं नाही, तुम्हाला काय वाटायचं ते वाटो."

काका बराच वेळ त्या काळ्या स्क्रूकडे बघत राहिले. मग त्यांनी पेचकस खिशात ठेवला.

"मला नको ही गाडी," ते म्हणाले. "माझ्याकडे आली तर आज ना उद्या मी तो स्क्रू काढीन. माझा हात राहायचा नाही, मी मला ओळखतो." आईला त्यांनी मान लववली आणि ते चालत निघून गेले.

आम्ही तिघं उरलो. इंजिनाला मी किल्ली लावली, कशासाठी ते मलाही कळत नव्हतं. जरा कुरकुरून ते लागलं, आणि गॅरेजभर तो ओळखीचा जाड आवाज भरला. आई वळसा घालून आली आणि पुढे आपल्या जागेवर बसली. रविवार होता, निघायची वेळही तीच.

"अगं, पण मागचं दिसत नाहीये मला," मी म्हणाले. "मी घेऊ कशी?"

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. दादा आत चढत होता. आता त्याचं पोट सुटलंय, डोक्यावर टक्कल आहे, एक गुडघा दुखतो. तो कण्हत कण्हत आपल्या खिडकीशी सरकला, सीटवर गुडघे टेकले आणि मागच्या काचेकडे तोंड करून बसला. मी आरशात बघितलं. मधली जागा तशीच, लख्ख, मोकळी. तिच्या काठाशी दादाचं कोपर आलं होतं. त्याचं त्यालाच कळलं असावं, त्यानं ते हळूच अंगाशी ओढून घेतलं.

मी त्या जागेवरून नजर काढली नाही. आई म्हणाली, "आलं हं." ते तिनं आम्हाला म्हटलं नव्हतं.

मग मागून दादाचा आवाज आला, अगदी लहानपणी यायचा तसा मोठ्यानं.

"मागून कोणी नाही!"

मी क्लच सोडला.