पायाशी बसलेलं मत

मी कुएन्का नावाच्या शहरातल्या एका प्रसूती रुग्णालयाच्या वॉर्डात लटकलेला तक्ता. वैद्यकातला कुठला पुरावा किती भरवशाचा, ते सांगणं हा माझा जन्माचा धंदा. त्रिकोणी अंग, पाच पायऱ्या; जितकं वर, तितका भरवसा जास्त. तळाशी ज्येष्ठ डॉक्टरांचं मत. त्यावर एकट्यादुकट्या रुग्णाची हकिगत. मग पुष्कळ रुग्णांवर ठेवलेली नजर. त्यावर चिठ्ठ्या टाकून, दोन गट पाडून केलेली चाचणी. आणि शेंड्यावर, अशा सगळ्या चाचण्या एकत्र पारखून काढलेला निष्कर्ष.

मला इथं टांगलं डॉक्टर यादिरा तेनेसाका या तरुण बाईंनी. मोठे डॉक्टर लिसिमाको आरीसागा यांनी माझ्या तळाशी बोट ठेवलं आणि खूश झाले.

"पाया कोण? आम्ही! आमच्यावरच तर हा डोलारा उभा आहे."

सगळे हसले. यादिराबाई सोडून.

मग हुमिता, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेले मक्याचे गोळे, विकणारी मेर्सेदेस गुआमान आली. सातव्या महिन्यातच कळा आल्या होत्या, पण थांबल्या. मोठ्या डॉक्टरांचा हुकूम सुटला: बाळ होईपर्यंत पलंग सोडायचा नाही.

"डॉक्टरसाहेब," यादिराबाई म्हणाल्या, "झोपवून ठेवल्यानं फायदा होतो असं चाचण्यांत दिसलेलं नाही. उलट पायात रक्ताची गुठळी होऊन जिवावर बेतायची भीती."

"पोरी, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी बायकांना झोपवतोय. सगळ्या दुवा देतात मला."

"ज्या दुवा द्यायला उरल्याच नाहीत, त्या सांगायला परत कुठून येणार?"

साहेबांना ते ऐकू आलं नाही. तळाशी बसलेल्यांना वरचं कमीच ऐकू येतं.

मेर्सेदेस कुरकुरायची, "डॉक्टरबाई, पाठीची फळी झाली हो. नुसती उभी तरी राहू द्या!" बाई मान खाली घालायच्या.

एका सकाळी तिची पोटरी टम्म सुजली. गुठळीच होती. यादिराबाईंनी कुणाला न विचारता इंजेक्शनं सुरू केली. मोठे डॉक्टर आले, पाय पाहून त्यांचा चेहरा पडला.

"आता तुम्ही झोपा इथं, डॉक्टरसाहेब," मेर्सेदेस म्हणाली. "मी येते बघायला."

ती वाचली. दिवस भरून मुलगा झाला, वॉर्ड डोक्यावर घेणारा.

हल्ली साहेब माझ्यासमोर उभे राहून विद्यार्थ्यांना सांगतात, "माझा अनुभव लिहून घ्या. एका बाईचा पाय मी डोळ्यांनी पाहिलाय. गर्भवतीला उगाच झोपवू नका!"

इतक्या चाचण्यांना जे जमलं नाही, ते एका पोटरीनं केलं.

"चला," यादिराबाई मागून पुटपुटल्या, "एक पायरी तरी चढले."

माझा रंग आता उडत चाललाय. पण साहेबलोकहो, वरच्या तीन पायऱ्या अजून कोऱ्या करकरीत आहेत. या की वर. दरवेळी एखादीचा पाय सुजायची वाट कशाला बघता?