इंजिनाकडे उशी

सॉल्वेगने वही उलटी फिरवली आणि ओपलच्या पुढ्यात ढकलली.

"हे नाव खोडा."

ओपलने वहीकडे पाहिलंही नाही. ती बटाटे सोलत होती. बाहेर मैदानात मोठ्या पिंपात रस्सा रटरटत होता आणि येणारा प्रत्येक जण आपल्याजवळचं काहीतरी त्यात टाकून पुढे जात होता.

"कशाला खोडायचं?"

"खोटं आहे म्हणून."

रुळांच्या कडेला कायमचा उभा केलेला गार्डाचा जुना डबा ही होबोंची कचेरी होती. १९३०च्या मंदीच्या काळात मालगाड्यांवर चोरून चढून, मिळेल ते काम करत अमेरिकाभर फिरलेली ही माणसं आता सत्तरीला टेकली होती आणि दर ऑगस्टमध्ये या गावात जमत होती. गावाच्या दफनभूमीतला उत्तरेकडचा कोपरा त्यांचा होता. तिथे जागा मिळण्यासाठी एकच नियम होता. मेलेला माणूस खरोखर मालगाड्यांवरून फिरला होता, असं दोघांनी वहीत सही करून सांगायचं. आर्विड हॅल्वरसन या नावापुढे एक सही झाली होती. दुसरी जागा रिकामी होती.

दफन उद्या सकाळी दहाला होतं. खड्डा कुठे खणायचा ते संध्याकाळपर्यंत सांगा, असा खणणाऱ्याचा निरोप होता.

"माझे वडील अडतीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसले," सॉल्वेग म्हणाली. "सव्वापाचला घरी. मालगाडी सोडा, बसमध्येसुद्धा त्यांना मळमळायचं. खिशात लिंबू ठेवायचे."

ओपल हसली. "लिंबू? हे नव्हतं आम्हाला माहीत."

"हसू नका."

"बरं बाई, नाही हसत."

सॉल्वेगने बोटांची मूठ केली आणि पुन्हा उघडली. लुथरन चर्चच्या मागे आईच्या कबरीचा दगड उभा होता. त्यावर दोघांची नावं कोरलेली होती. आईच्या नावाखाली दोन्ही वर्षं होती, वडिलांच्या नावाखाली जन्माचं वर्ष आणि पुढे एक आडवी रेघ. अकरा वर्षं ती रेघ तशीच होती. आणि परवा शवपेटीवाल्याने आपल्या ड्रॉवरमधून वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली होती: मला होबोंच्या कोपऱ्यात ठेवा.

डब्याच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याने बँजोच्या तारा छेडल्या. बँजो वडिलांचा होता. चिठ्ठीत तोही होबोंनाच द्यायला सांगितला होता.

"ते बंद करा," सॉल्वेग म्हणाली.

म्हाताऱ्याने तळवा तारांवर ठेवला. वॉलेस पिंकनी. वहीतली सही त्याचीच होती.

"सही तुम्ही केलीत ना? कुठल्या गाडीवर पाहिलंत त्यांना?"

"कुठल्याच नाही, पोरी."

"मग?"

"तो चढला नव्हता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने रचलेलं ते गाणं आहे ना..." त्याने तारांना न शिवता, नुसत्या घोगऱ्या आवाजात ओळ म्हटली. "'उशी माझी इंजिनाकडे, पाय सुटलेल्या गावाकडे.' डब्यात कोणी असं झोपत नाही. पाय इंजिनाकडे करायचे. गाडीने एकदम ब्रेक मारला की माणूस पुढे फेकला जातो. पाय आपटले तर पाय दुखतात. डोकं आपटलं तर..." त्याने मान एका बाजूला कलती केली आणि तशीच धरली. "मी बघितलंय. वायोमिंगमध्ये. एकोणीस वर्षांचा होता."

"म्हणजे ते इथे येत होते ती तीस वर्षं तुम्ही त्यांची थट्टा केलीत."

"थट्टा? आम्ही ती ओळ तशीच म्हणतो. सगळे."

"का?"

वॉलेसने ओपलकडे पाहिलं. ओपलने सोललेला बटाटा पाण्यात सोडला.

"मी अकरा वर्षं गाड्यांवर काढली," तो म्हणाला. "एकदाही गायलो नाही. दात वाजत असताना कोण गातं? आणि रेल्वेच्या पोलिसाच्या कानावर गेलं तर टाळकं फुटायचं. नंतर त्याबद्दल बोलायचीसुद्धा लाज वाटायची. बायकोला मी सांगितलं होतं की ती वर्षं सैन्यात होतो. तुझा बाप इथे येऊन बसायचा आणि विचारायचा. कुठे चढलास, काय खाल्लंस, थंडीत काय पांघरलंस. आणि पुढच्या वर्षी त्याचं गाणं करून आणायचा. ते ऐकलं की वाटायचं, आपण नुसते भटकलो नाही, कुठेतरी जात होतो."

"वा!" सॉल्वेगचा आवाज चढला. मैदानातली दोन-तीन माणसं वळून पाहू लागली. "उपास तुमचे, गाणी त्यांची, आणि ऐकायचं कोणी? आम्ही. रोज जेवण झालं की हा माणूस खुर्ची ओढून आमच्यासमोर बसायचा आणि गाण्यात निघून जायचा. रोज! कधी डेन्व्हरला, कधी समुद्राकडे. आई भांडी घासता घासता म्हणायची, आर्विड, कधी निघतोयस ते नक्की सांग, म्हणजे डबा भरून देते. सगळे हसायचे. मी सात वर्षांची होते. मी मात्र त्यांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवायचे."

ओपलने सुरी खाली ठेवली.

"आणि आता खरंच निघालेत. तिला तिथे एकटीला टाकून. त्या रेघेसकट."

ओपलने हात पुसले. तिने वही आपल्याकडे ओढली, पान नीट केलं आणि पेन सॉल्वेगच्या बाजूला ठेवलं.

"नियम नियमच आहे," ती म्हणाली. "मी स्वतः नऊ वर्षं फिरलेय, पुरुषाचे कपडे घालून. मला आर्विड आवडायचा, पण तेवढ्यासाठी मी सही करणार नाही. वॉलेसने करायला नको होती. दुसरी सही कोणी केलेली नाही आणि करणारही नाही. तू केलीस तरच."

"मी का करीन?"

"मला काय माहीत? तुझा बाप."

सॉल्वेगने पेन उचललं. वॉलेस पायरीवरून उठला नाही, पण त्याने बँजो डब्याच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि मान खाली घातली. सॉल्वेगने वडिलांच्या नावावर रेघ मारली. कागद फाटला. मग तिने वॉलेसच्या सहीवरही एक रेघ मारली.

"आईशेजारी," ती म्हणाली. "खणणाऱ्याला मी सांगते."

"बरोबर आहे," ओपल म्हणाली.

सॉल्वेग पायरीपाशी आली. वॉलेस बाजूला सरकला, पण ती खाली उतरली नाही.

"उद्या दहाला," ती म्हणाली. "तुम्ही सगळे या. बँजो घेऊन."

"चर्चच्या आवारात? पाद्री काय म्हणेल?"

"पाद्र्याला मी बघून घेते. ते गाणं म्हणा."

वॉलेसने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली. "म्हणतो. पण गावातले असतील, लांबून आलेले आमचेही काही असतील. त्याचं हसं नको. ती ओळ मी सरळ करून घेतो. 'पाय माझे इंजिनाकडे'... चालीत बसते."

"नाही."

"अगं, चूक आहे ती. ज्याला कळतं त्याला लगेच कळेल, हा माणूस कधी घर सोडून..."

तो मध्येच थांबला.

"कळू दे," सॉल्वेग म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज अजून चढलेलाच होता. "ते म्हणायचे तशीच म्हणायची. एक शब्द इकडचा तिकडे केलात तर बँजो हातातून हिसकावून घेईन. आणि मोठ्याने म्हणा. आईला ऐकू गेलं पाहिजे."