पंधरा अर्ध्या डॉलरची चांदी

शिवराजनं ती नाणी घासली, तिथून सगळा घोळ सुरू झाला. लिंबू घेतलं, टूथपेस्ट घेतली, जुना ब्रश घेतला आणि कामगारांच्या कॅम्पमधल्या बेसिनवर तासभर नुसता रगडत बसला. चौदा नाणी अशी चमकवली की आरशात बघितल्यासारखं तोंड दिसावं! पंधरावं मात्र इतकं झिजलेलं होतं की त्यानं म्हटलं, ह्याच्यावर कशाला पेस्ट वाया घालवायची? ते तसंच काळंकुट्ट ठेवलं.

आता त्याचंही चुकलं नव्हतं तसं. कतारमधल्या रास लफानच्या फॅब्रिकेशन यार्डात, जिथं पाइप कापून जोडतात, तिथं त्याचं कामच ते! पाइपवर गन लावायच्या आधी तेवढी जागा घासून लख्ख करायची. गन म्हणजे ड्रिल मशीनसारखी दिसते बघा, धातूला टेकवली की कोणता धातू किती टक्के ते स्क्रीनवर सांगते. घासल्याशिवाय गन लावली की गिरीश सर ओरडतात. म्हणून याच्या डोक्यात एकच, धातू दाखवायचा तर चमकवून दाखवायचा.

नाणी होती त्याच्या खोलीतल्या मच्छिंद्रकाकांची. काका बीडकडचे, क्रेनला माल बांधणारे रिगर, एकोणीस वर्षं कतारला काढलेली. त्यांचा एक म्हातारा अमेरिकन फोरमन होता. अवघड, जड लिफ्ट, म्हणजे क्रेननं उचललेला माल, बिनधोक उतरली की तो काकांच्या हातावर एक अर्धा डॉलर ठेवायचा. पंधरा लिफ्ट, पंधरा नाणी. काकांनी ती मोज्यात बांधून ठेवलेली. आणि आता शनिवारी काका कायमचे घरी निघालेले. रविवारी लेकीच्या, बबीताच्या बाळाचं बारसं. आजोबांकडून चांदीचा करदोटा आणि वाळे जायलाच पाहिजेत, आणि ते ह्याच नाण्यांवर, असं काकांनी ठरवलेलं. बाकीचे सगळे पैसे बाळंतपणाला आधीच घरी गेले होते.

बुधवारी संध्याकाळी काका आणि शिवराज दोह्याच्या सूक वाकिफ बाजारात राहिलभाईंच्या गाळ्यावर गेले. राहिलभाई मूळ रत्नागिरीचे, जुन्या नोटा-नाणी विकतात. त्यांनी मोजा उलटा केला आणि कपाळावरच हात मारला.

"ही कोणी घासली?"

"मी," शिवराज ऐटीत म्हणाला.

"शाब्बास! अरे, जुन्या नाण्याचा रंग हाच त्याचा दागिना. घासलेलं नाणं शौकीन माणूस हातात धरत नाय. त्यात एवढी चमकवलीस की खरी का खोटी तेच कळत नाय! नगाला दहा रियाल देतो. आणि ते झिजलेलं तर मी मोजतच नाय, ते असंच टाका वर."

एकशे चाळीस रियाल. वाळ्यांपैकी एकसुद्धा धड येणार नाही त्यात. काका म्हणाले, "घ्या भाई. शनिवारी निघायचंय मला."

शिवराजला असं झालं की जमीन फाटावी आणि आपण आत जावं. काकांच्या नातवाचा करदोटा आपण पेस्टनं धुऊन टाकला! त्यानं झपकन नाणी मोज्यात भरली. "शुक्रवारपर्यंत थांबा, भाई. खोटी निघाली तर पाच रियालनं घ्या."

परतीच्या बसमध्ये हरिदासनं टोमणे मारून जीव खाल्ला. हा त्यांच्याच खोलीतला. "काय शिवराज, आता कोणत्या पेस्टनं घासायलास? मीठवाली आणू का?" अख्खी बस हसली. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यानंच याला जास्त लागलं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत शिवराज गिरीश सरांसमोर उभा. सर पुण्याचे, नियमाला कडक. ऐकून घेतलं, चष्मा वर केला. "कंपनीची गन नाण्यांवर? अरे काय हे!" मग मोज्याकडे बघितलं, काकांचं नाव ऐकलं आणि म्हणाले, "मच्छिंद्र म्हणजे तो रिगर ना? त्याच्या हाताखालून एक लिफ्ट कधी हलली नाही. आण. जेवण होईपर्यंत, बास."

पहिलं नाणं, १९६४ चं. गन टेकवली. स्क्रीनवर आलं, चांदी नव्वद, तांबं दहा. शिवराजनं अशी आरोळी मारली की पलीकडचा वेल्डर मास्क वर करून बघायला लागला! दुसरं नव्वद. तिसरं नव्वद. नऊ नाणी लागोपाठ नव्वद! मग १९६७ चं आलं, त्याला ऐंशी. तशी तीन.

"ऐंशी म्हणजे पण भारीच की," सर म्हणाले.

पण शिवराज थांबला. नाणं उभं धरून कडेकडे बघायला लागला. कडेला मध्ये बारीक लालसर रेघ. आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं. "सर, हे तर आपल्या क्लॅड पाइपसारखं आहे! वरून भारी पत्रा, आत दुसरंच काहीतरी. गन फक्त कातडं बघते!"

सर एकदम सरळ बसले. "अरे हो की! वजन कर, वजन कर!"

लॅबच्या काट्यावर नव्वदवाली साडेबारा ग्रॅमच्या आसपास, ही तीन साडेअकरा. नेटवर बघितलं तर तंतोतंत तेच. वरून ऐंशी, आत कमी, एकूण चाळीस टक्के. शेवटची दोन १९७४ ची, त्यात चांदीचा कणही नाही. शिवराजनं तीन ढीग केले, प्रत्येक नाण्याचं साल आणि वजन कागदावर लिहिलं.

राहिलं ते झिजलेलं. गनवर तेही नव्वद. सर म्हणाले, "झालं तर मग." पण शिवराजनं वेल्डिंगची भेग बघायचं भिंग काढलं. रोज केसाएवढ्या भेगा शोधणारा डोळा तो! पुढून साल, १९२१. मागून खाली डाव्या बाजूला, कडेला चिकटून, एक पुसट अक्षर, डी, टांकसाळीची खूण. नेटवरच्या यादीत शोधलं. त्या वर्षी त्या टांकसाळीत अशी दोनेक लाखच नाणी पाडली होती. असलं झिजलेलंसुद्धा लोक शोधत फिरतात. आणि हेच एक त्यानं घासलं नव्हतं!

शुक्रवारी राहिलभाईंसमोर शिवराजनं ढीग मांडले, कागद ठेवला. "भाई, ही नऊ. प्रत्येकात सव्वाअकरा ग्रॅम शुद्ध चांदी. आजचा भाव ग्रॅमला सहा रियाल. शौकीन नाही घेणार ना, नको घेऊ दे. चांदीच्या भावानं घ्या. ही तीन चाळीस टक्क्यांची. ही दोन नुसतीच, तुमच्या पोरांना खेळायला."

राहिलभाईंनी स्वतःच्या काट्यावर एकेक घातलं. कागदावरच्या वजनाशी जुळवलं.

"आणि हे," शिवराजनं काळं नाणं पुढं सरकवलं, "हे तुम्ही मोजत नव्हता."

भाईंनी भिंग लावलं. मागची बाजू बघितली. आणि मोठ्यानं हसले. "अरे मेल्या! परवा मी फक्त एकच बाजू बघितली होती रे! नाय, चूक माझी. ह्याचे पाचशे."

"आठशे," काका म्हणाले.

"सहाशे."

"साडेसहाशे. आणि हे नाणं मिळालं त्या लिफ्टच्या वेळी वारा सुटला होता, भाई. दोन तास दोरी धरून उभा होतो मी."

"खलास!" राहिलभाईंनी हात पुढं केला. "साडेसहाशे."

भाईंचा नफा कापून नऊ नाण्यांचे साठ प्रमाणे पाचशे चाळीस, तिघांचे पंचाहत्तर, वर हे. बाराशे पासष्ट रियाल! बुधवारी एकशे चाळीसला जाणारा मोजा! शिवराज गल्लीतच नाचायला लागला. एक हमाल ढकलगाडी थांबवून बघत राहिला, काकांनी ह्याची कॉलर धरून बाजूला ओढलं आणि तशीच धरून चांदीच्या दुकानात नेलं.

तिथं काकांनी करदोटा निवडला, चांगला जाड, घुंगरांचा. वर वाळ्यांची जोडी. पैसे देऊन झाल्यावर लगेच व्हिडिओ कॉल लावला. बबीता बाळाला मांडीवर घेऊन बसलेली.

"अगं बाई, बाबा! केवढा हा करदोटा! बाळ तर वीतभर नाही अजून."

"मग काय झालं?" काकांनी करदोटा फोनसमोर धरून असा खणखणवला की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "दोन वेढे घाल!"