झाडून काढलेलं नुकसान

"नुकसानसुद्धा झाडून काढलं हिनं."

सासूबाई हे स्वयंपाकघरात सासऱ्यांना हळूच म्हणाल्या. सुनेनं ऐकावं म्हणून नव्हे. पण ती पलीकडे गोठ्यात, माझ्याखालीच उभी होती, आणि पाऊस नेमका तेवढ्यापुरता थांबला होता.

मी गोठ्याचा पत्रा. आलो तेव्हा चकाकत होतो, माझ्याकडे बघून सासऱ्यांनी मिशीसुद्धा सारखी केली होती. मला गप्प बसता येत नाही, चिमणी उतरली तरी वाजतो. नवी सून अगदी उलटी. "मुकी तर नाही ना करून आणली?" शेजारीण विचारून गेली. "कामाला बरी आहे," सासूबाई म्हणाल्या.

मग वादळ झालं. शेत उंचावर म्हणून पीक वाचलं, पण विहिरीवरची मोटार जळाली आणि मी खिळ्यांसकट उडून बांधापलीकडे जाऊन पडलो. मोटारीला सरकारी मदत नव्हती, छपराला होती. छपराच्या मदतीतून मोटार करायची, असं घरात ठरलं. सासऱ्यांनी बजावलं, "पंचनामा होईपर्यंत काडी हलवायची नाही. आहे तसं दिसलं पाहिजे."

गावभर तसंच होतं. रस्त्यात आडव्या झालेल्या झाडाला लोक मान देऊन वळसा घालायचे. चिखलात माझी एक बाजू लाल झाली. पुढे पुढे काही वाटेनासं झालं. पत्र्याला तसंही काय वाटणार म्हणा.

साहेब आज येतील, उद्या येतील. पाऊस मात्र वेळेवर यायचा. उघड्या गोठ्यात वासरू भिजायचं, खोकायचं.

एका दुपारी घरचे सगळे चौकशीला कचेरीत गेले. तिनं पदर खोचला, मला ओढत आणलं, शिडी लावून वर चढवलं, दोरीनं आवळलं, दगड ठेवले. कुणाला विचारलं नाही. मग सवयीनं अंगणही झाडलं.

दुसऱ्याच दिवशी साहेब उगवले. मान वर करून फोटो काढला.

"छप्पर तर जागेवर आहे, काका."

"उडालं होतं हो, साहेब."

"मग बसवलं कुणी?"

ती पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

शेजाऱ्यांची मदत जमा झाली, आमची नाही. मोटार अजून पोत्याखाली आहे, पाऊस संपला की वाफे सुकणार. तिला कुणी रागावलं नाही. ताट वाढतात, ती जेवते.

आज निरोप आला, सुटलेल्यांची फेरपाहणी होणार. सासऱ्यांनी शिडी आणली.

"चढ," ते मुलाला म्हणाले. "दोरी सोड. होता तिथं नेऊन टाकू."

"बाबा, आभाळ भरलंय."

"भरू दे. साहेबांना भिजलेलंच बघायचंय."

तिचा नवरा चढला. एक गाठ सुटली. दुसरी निघेना, तिनं मारलेली आहे. माझं म्हणाल, तर मी कुठंही पडून राहीन. फक्त मला छप्पर म्हणून ठेवलंय की पुरावा म्हणून, तेवढं एकदा सांगा.

खाली ती वासराचं दावं सोडत होती.

"हे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

तेव्हा या घरानं तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला.

"आई, वासराला आमच्या खोलीत बांधते. त्याच्या जागी मी बसते. फोटोत काहीतरी नुकसान दिसायला हवं ना."