मंगळवारची मंडळी

चिटणिसांनी ठराव वाचायला घेतला तेव्हा ऑपरेटरबाई तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. ठरावात त्यांचं नाव नव्हतं, पण तो कुणासाठी आहे हे मागच्या भिंतीलाही कळलं असतं.

"आपल्या चर्चचं छप्पर परमेश्वराच्या कृपेनं पूर्ण झालं आहे," चिटणीस वाचत होते. "तेव्हा मोबाईलवर चालणारे सगळे वर्ग आजपासून बंद. ज्यांनी दृढीकरणाचं शिक्षण घरबसल्या घेतलं, त्यांनी एक वर्ष इथं प्रत्यक्ष वर्गात बसावं. त्याशिवाय दृढीकरण होणार नाही."

दृढीकरण म्हणजे लहानपणी आईबापांनी बाप्तिस्मा दिलेल्या माणसानं मोठेपणी सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि 'हा विश्वास आता माझा' असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मग पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. बाईंच्या वर्गातले तिघं या दिवसाची वाट बघत होते.

बाई उभ्या राहिल्या. "माझ्या वर्गातले लोक वर्षभर इथं येऊन बसू शकत नाहीत. म्हणूनच तर..."

"उपासनेत प्रश्नोत्तरं नकोत," चिटणीस म्हणाले.

"ठराव उपासनेत वाचता, आणि उत्तर काय पोस्टानं पाठवू?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. पाळकसाहेब स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. तिशीतला हा भला माणूस कमिटीपुढं मूग गिळून गप्प बसायचा.

"चिमे, खाली बस," चिटणीस माइकपासून तोंड बाजूला करत म्हणाले. चौसष्ट वर्षांच्या बाईंना चिमे म्हणणारा या जगात एकच माणूस उरला होता. चिटणीस बाईंचे सख्खे थोरले भाऊ होते.

दीड वर्षापूर्वी छपराची मोठी तुळई तडकली आणि चर्चला कुलूप लागलं. उपदेश फोनवर आला, गाणी फोनवर आली, वर्गही फोनवर गेले. बाकीच्या शिक्षकांना ते जड गेलं. "समोर तोंडंच दिसत नाहीत, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं," असं ते म्हणायचे. बाईंना मात्र काहीच नवीन नव्हतं. त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढली होती. न दिसणारा माणूस घाबरलाय, की खोटं बोलतोय, की नुसताच मान हलवतोय, हे त्यांना श्वासावरून कळायचं.

त्यांच्या वर्गाला एकेक करून जी माणसं आली, ती चर्चच्या बाकावर कधी दिसलीच नव्हती. एक होते ट्रकवाले. वय पंचेचाळीस, वीस वर्षं दर रविवारी कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर. दुसऱ्या लाँड्रीवाल्या मावशी. मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला, आठवड्याची सुट्टी मंगळवारी. म्हणून वर्ग मंगळवारी दुपारी चारला. तिसरी सतरा वर्षांची मुलगी. तिच्या पाठीच्या कण्यात दोन सळया बसवलेल्या होत्या आणि ती तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, पलंगावर असायची. स्वतःला ती लोखंडी म्हणवून घ्यायची. मग सगळेच म्हणू लागले.

पहिल्याच आठवड्यात ट्रकवाल्यांनी विचारलं होतं, "बाई, गाडी चालवताना डोळे मिटता येत नाहीत. उघड्या डोळ्यांची प्रार्थना चालते का?"

"मिटलेत तर तुम्ही प्रार्थना संपायच्या आत वर पोचाल," बाई म्हणाल्या होत्या, आणि मग त्या एका प्रश्नावर तासभर वर्ग चालला होता. चर्चमध्ये शिकवलेल्या बावीस वर्षांत असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. तिथं मुलं उत्तरं पाठ करून यायची आणि खिडकीबाहेर बघायची.

ठराव झाला त्याच संध्याकाळी बाई भावाच्या घरी गेल्या. वहिनी दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी बसल्या जागेवरून चहा टाकला.

"दादा, तू हे मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण सांगायचं तरी."

दादा उभं आयुष्य इमारतींच्या कामावर सुपरवायझर होते. त्यांनी शर्टाची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत वेल्डिंगनं भाजल्याचा चकचकीत पट्टा होता. "अडुसष्टाव्या वर्षी मी त्या तुळईवर चढलो. दीड वर्ष. कशासाठी? दोनशे माणसांच्या जागेत चाळीस माणसं बसावीत म्हणून? लोकांना सवय लागलीय चिमे. अंथरुणात लोळत उपदेश ऐकायचा, मध्येच फोन ठेवून दात घासायचे. याला मंडळी म्हणतात? आणि ही सवय लावणाऱ्यांत तू पहिली."

बाईंना त्या हाताकडे बघवेना. दादा खोटं बोलत नव्हते. लोळणारे होतेच.

"लोळणाऱ्यांना खुशाल ओढून आण," त्या म्हणाल्या. "माझी लोखंडी लोळत नाही रे. तिला उठता येत नाही."

"मग तिच्यासाठी प्रार्थना करू. पण दृढीकरण? पाळक डोक्यावर हात कसा ठेवणार, फोनमधून?"

अर्धा चहा तसाच ठेवून बाई निघाल्या. रस्ताभर त्यांना स्वतःचाच राग येत होता, कारण प्रश्न रास्त होता.

मंगळवारी चारला त्यांनी नेहमीसारखा चष्मा पुसून फोन उघडला. वर्गाचं पान उघडेना. खातं चर्चचं होतं आणि चिटणिसांनी ते सोमवारीच बंद करून टाकलं होतं. 'तुम्हाला प्रवेश नाही' एवढंच पडद्यावर आलं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग कपाटातून जुनी वही काढली आणि ट्रकवाल्यांना साधा फोन लावला. "थांबा, ठेवू नका." मग मावशींना. "थांबा." मग लोखंडीला. तिन्ही फोन एकमेकांना जोडले. हे काम त्यांनी झोपेतसुद्धा केलं असतं.

"मंडळी, आज पडद्यावर काही दिसणार नाही, नुसता आवाज," त्या म्हणाल्या. "आपल्याला बाहेर काढलंय." आणि त्यांनी ठराव सांगितला, भावाचा प्रश्नही सांगितला. काही लपवलं नाही.

"एक वर्ष?" ट्रकवाले म्हणाले. मागं कुठंतरी मालाची खोकी आपटत होती. "बाई, मला एक रविवार मिळत नाही."

लोखंडी म्हणाली, "बायबलातल्या त्या लकवा झालेल्या माणसाला मित्रांनी छप्पर उचकटून येशूपुढं सोडलं होतं ना? मलाही सोडा. पण चिटणीसकाकांचं छप्पर नवं आहे, त्यांच्या जिवाला लागेल."

हसणं थांबल्यावर मावशी बोलल्या. त्या वर्गात सगळ्यात कमी बोलायच्या. "हात फोनमधून जात नाही, हे खरंच आहे बाई. त्यावर भांडू नका. पण आमच्याकडे बघा. पेशंट काय उठून चादर घेऊन धुलाईघरात येतो? आम्हीच वॉर्डात जातो गाडा घेऊन. ज्याला उठता येत नाही त्याच्याकडे जायचं असतं. यात एवढा ठराव कशाला लागतो?"

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

बुधवारी सकाळी त्या पाळकसाहेबांच्या दारात उभ्या होत्या.

"बाई, ठराव झालाय," त्या बसायच्या आतच पाळक म्हणाले.

"झालाय. आजारी माणसाच्या घरी पाळकांनी जाऊ नये, असं त्यात लिहिलंय?"

"तसं नाही..."

"तिथं हात ठेवू नये, असं लिहिलंय?"

"बाई, कमिटी माझी बदली करवून घेईल."

"घेऊ दे. कुठंही बदली झाली तरी आमचा फोन तिथं लागतो."

पाळक हसले नाहीत. त्यांनी टेबलावरच्या कागदांचा गठ्ठा सरळ केला. मग म्हणाले, "मला आधी त्यांची परीक्षा घ्यावी लागेल. सवलत देणार नाही."

"सवलत मागितलीय कुणी? उलट कडक घ्या."

शनिवारी परीक्षा झाली, फोनवरच. पाऊण तासाची म्हणून सुरू झाली ती दोन तास चालली. पाळकांनी आज्ञा विचारल्या, विश्वासाचा अंगीकार विचारला, प्रभुभोजनाचा अर्थ विचारला. ट्रकवाले एका ठिकाणी अडले. पाठ होतं ते विसरले. मग म्हणाले, "शब्द गेले साहेब. पण क्षमेचं सांगू का? ज्यानं माझ्या भावाला गाडीखाली घेतलं, त्याच कंपनीत मी माल भरतो. दोन वर्षं त्याच्याकडे बघितलं नव्हतं. मार्च महिन्यात बाईंनी तो धडा घेतला. त्याच आठवड्यात मी त्याला पाणी विचारलं. अजून गळ्यात गळा नाही घातलेला. पाणी विचारलं फक्त."

पाळकांनी पुढचा प्रश्न विचारायला इतका वेळ लावला, की लाइन तुटली असं मावशींना वाटलं. पण बाईंना त्यांचा श्वास ऐकू येत होता.

रविवारी उपासना संपली. आशीर्वाद झाल्यावर लोक चपला शोधायला लागले तशा बाई तिसऱ्या बाकापाशी उभ्या राहिल्या. माइक नव्हता, पण एक्स्चेंजमधला आवाज शाबूत होता.

"आता दृढीकरण आहे," त्या म्हणाल्या. "इथं नाही. दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर. ज्यांचे पाय चालतात त्यांनी यावं. ज्यांचे चालत नाहीत, त्यांनी मला नंबर द्या."

"चिमे!" दादा वेदीपाशी उभे होते. "हे चर्चचं काम नाही. कमिटीची परवानगी नाही याला."

"परवानगी मागायला आले नाहीये दादा. आमंत्रण द्यायला आलेय. तुलासुद्धा आहे."

सगळ्यांनी पाळकांकडे बघितलं. पाळकांनी झगा काढला नाही. पुस्तक काखेत मारलं, मधल्या वाटेनं चालत आले आणि दारातून बाहेर पडले. त्यांच्या मागं बाई, आणि बाईंच्या मागं मोजून एकोणीस माणसं. चाळीसातली निम्मीसुद्धा नाहीत. दादांनी दाराला कुलूप लावलं आणि ते उलट दिशेनं घरी गेले.

लोखंडीच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत औषधांचा डबा, आणि पलंगावर उठून बसायला छताला टांगलेली साखळी. खोलीत सात जण मावले. बाकीचे जिन्यात उभे राहिले, पायरीला एक. शेजारणीनं दार उघडून विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. पोरगी आज उभी राहतेय," जिन्यातून कुणीतरी सांगितलं.

लाँड्रीवाल्या मावशी जेवणाच्या सुट्टीत निळ्या गणवेशातच धावत आल्या होत्या. त्यांच्या हातांना ब्लीचचा वास येत होता. ट्रकवाले दूरच्या रस्त्यावर गाडी कडेला लावून उशीवरच्या फोनमध्ये होते. लोखंडी साखळीला धरून अर्धी उठली, दात आवळून. प्रश्न विचारला गेला. तिघांनी एकापाठोपाठ एक उत्तर दिलं, आणि एकोणीस जणांचं आमेन जिन्यातून खालपर्यंत गेलं. पाळकांनी लोखंडीच्या डोक्यावर हात ठेवला, मग मावशींच्या. ट्रकवाल्यांचा हात बाकी राहिला. तो गुरुवारी माल उतरवायच्या आवारात ठेवला गेला. ट्रकवाले गाडीच्या बंपरशी गुडघे टेकून होते, आणि आजूबाजूच्या हमालांनी कुणी न सांगता खोकी आपटायची थांबवली होती.

कमिटीनंही आपलं म्हणणं सोडलं नाही. रविवार-शाळेच्या शिक्षकांच्या यादीतून बाईंचं नाव काढलं. पाळकांनी नोंदवहीत तिघांची नावं स्वतःच्या अक्षरात लिहिली, तर त्यांच्यापुढं 'मंजुरी नाही' असा लाल शेरा पडला. शेरा आहे, आणि नावंही आहेत.

दादा बाईंशी बोलेनासे झाले. पण त्यानंतरच्या मंगळवारी पावणेचारला बाईंचा फोन वाजला. "माझाही नंबर जोडून घ्या," वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या. "चर्चच्या पायऱ्या चढून मला दोन वर्षं झाली. हे रोज छपराचं सांगतात. मी कशी आत येणार, ते कुणी विचारलं नाही."

आता मंगळवारी नऊ फोन लागतात. मागच्या खेपेला प्रार्थनेचं उत्तर न मिळण्यावर वर्ग चालला होता. बाई बोलत असताना वहिनींच्या फोनमागून एक पुरुषी आवाज चिडून आला, "साफ चुकीचं सांगतेय ही!"

बाई थांबल्या. "मागून बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या वर्गाचा नियम आहे. फोन हातात घ्या आणि काय चुकलं ते सांगा. आम्ही सगळे ऐकतोय."

दादांनी फोन घेतला आणि वीस मिनिटं भांडले. बाईही भांडल्या. मध्येच लोखंडीनं दादांना असा एक प्रश्न विचारला, की त्यांना पुस्तक शोधायला उठावं लागलं. फोन परत देताना त्यांनी बजावलं, की ठराव लागू आहे आणि लागूच राहील. मग पुढच्या मंगळवारी हाच विषय आहे की दुसरा, तेवढं मात्र विचारून घेतलं.