कापलेला कोपरा

मी एक जुनी प्लेट आहे. जेवणाची नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नवा माणूस आला की हाच विनोद करतो. मी प्रयोगशाळेतली, तळहाताएवढी, शहाण्णव खळग्यांची. माझा वरचा डावा कोपरा कापलेला आहे. तो उंदराने कुरतडलेला नाही, मित्रांनो. माझी सरळ बाजू कळावी म्हणून कारखान्यानेच तो कापला आहे.

माझ्या सात ओळींत रसायनवाल्या बाईंनी तीन वर्षं खपून केलेली चौऱ्याऐंशी द्रव्यं होती. एका शेवाळातलं द्रव्य जंतू मारत असे, पण माणसाचं यकृतही बिघडवत असे. बाईंनी त्याचा सांगाडा तेवढा ठेवला आणि हातपाय दर वेळी निराळे लावले. एकाच घरची चौऱ्याऐंशी भावंडं. एखादं तरी गुणी निघेल, ही त्यांची आशा. आठव्या ओळीत तुलनेसाठी नुसतं द्रावण होतं. बाई मला दोन्ही हातांनी उचलत. काय ते कौतुक!

मग मी जंतूवाल्या साहेबांकडे गेले. फोनवर बोलता बोलता त्यांनी मला यंत्रात ठेवलं, तेही फिरवून. शेवटची ओळ पहिल्या जागी. पण कोपऱ्याकडे बघतो कोण?

निकाल आला. सगळी भावंडं निकामी, आणि जंतू मेले ते आठव्या ओळीतल्या एका खळग्यात, जिथे औषधच नव्हतं. साहेब म्हणाले, प्लेटच अस्वच्छ आहे. नाचता येईना, अंगण वाकडं! संपूर्ण संग्रह टाकून द्यायचं ठरलं. मी कचऱ्याच्या पिशवीशेजारी जाऊन बसले.

बाई आल्या. रडल्या नाहीत, चिडल्या. निकालाच्या कागदावर यंत्राने काढलेला माझा फोटो होता. त्यात माझा कोपरा खाली उजवीकडे.

"साहेब, रिकाम्या वाटीने कधी कुणाचं पोट भरलंय का?" असं म्हणून त्यांनी कागद फिरवला. आठव्या ओळीतला तो खळगा पहिल्या ओळीत आला. तिथे तिसरं भावंड होतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "कोपरा बघायचा राहिला," ते म्हणाले.

चाचणी पुन्हा झाली. तिसऱ्याने जंतू मारले आणि यकृताच्या पेशींना धक्काही लावला नाही. संग्रह वाचला.

आता मी रिकामी आहे. मला चौकटीत बसवून दारापाशी टांगलं आहे, खाली पाटी: 'आधी कोपरा बघा'. माझंही एवढंच मागणं आहे, मित्रांनो. महागडी यंत्रं जपता, तशी एक नजर आमच्यावरही टाका.

मला साहेबांनी स्वतः टांगलं, मोठ्या हौसेने. कोपरा खाली उजवीकडे आहे.