रेघेतला ढग

हे कुणालाच खरं वाटणार नाही, आणि वाटावं असा माझा हट्टही नाही. ज्याला लगेच पटेल त्याचं डोकं तपासून घ्यावं लागेल. पण हळ्ळीखेडच्या ओढ्याकाठी, गुंडेरावांच्या काळ्या रानात, आम्ही एक ढग कोंडला होता. नुसता कोंडला नाही, कातरलाही.

"ढग?" शेजारच्या राघोबानं विडी पेटवली. "लिंगाप्पा, काल तर वाघ व्हता."

"वाघ येगळा. ऐक मुकाट."

कोपऱ्यात माझी बायको अंबुबाई लोकर पिंजत बसली होती. ती गप्प असते तोवर मी बोलतो, असा आमचा संसार चाललाय.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आमचं नवं लग्न. हत्तीचं, म्हणजे हस्त नक्षत्र लागलेलं. ज्वारी पेरायच्या आधी धनगरांची मेंढरं रानात बसवायची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्यांनी रान खतावतं, मालक धान्य देतो. माझे वडील काशाप्पा कळप बसला की काठीच्या टोकानं त्याच्याभोवती मातीत रेघ ओढायचे आणि बिरप्पाचं नाव घ्यायचे. एकदा रेघ जुळली की सूर्य उगवेस्तोवर आतलं बाहेर जायचं नाही. बिरप्पाला दिलेला शब्दच तो. तो मोडला की कळपावरची देवाची राखण उठली, असं अप्पा मानत.

त्या दिवशी ऊन अजून बाभळींच्या शेंड्यांवर होतं. अप्पांनी रेघेची दोन टोकं जुळवली आणि तेवढ्यात बांधावर हलगी वाजली. दवंडीवाला वीरण्णा आला होता. चिटगुप्प्याच्या कचेरीत हैदराबादेहून तार आली होती म्हणे. मोठा पाऊस येणार, विजा पडणार, जनावरं उंचावर न्या. वीरण्णानं आधी उर्दूत सांगितलं, तेव्हा वाटलं पाऊस बग्गीत बसून, अत्तर लावून येतोय. मग कानडीत सांगितलं, तेव्हा तो बैलगाडीत बसून निघाला. मराठीत सांगेपर्यंत तो ओढ्यापलीकडं येऊन उभा होता. काळा, जड, कुठं बसावं असा विचार करत.

गुंडेराव धोतर सावरत पळत आले. "काशाप्पा, उठीव मेंढरं! वढा फुगला तर हे रान पाण्याखाली जातंय. माळावर ने."

"रेघ वढलो, मालक."

"आरं, रान माजं हाय. मीच सांगायलोय न्हवं?"

"रान तुमचं हाय. रेघ तुमची न्हाई."

आमचं शेत नव्हतं, घर नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं त्या रेघेत बसून रवंथ करत होतं. त्यात पाय लटपटणारी कोवळी कोकरं. अंबुबाई पदर दातात धरून म्हणाली, "मामा, कोकरास्नी पवता येत न्हाई."

"बिरप्पा बघंल," अप्पा म्हणाले, आणि घोंगडं डोक्यावरून घेऊन बसले. मलाही आत ओढलं. आत ऊब होती, ओल्या लोकरीचा वास होता. मी डोळे मिटले नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो.

"कुणी इचारलंय?" राघोबा म्हणाला.

तर तो ढग. तो वरून आमच्या मेंढरांकडे बघत राहिला. काळी, गुबगुबीत, एकमेकींना चिकटून बसलेली. त्याला वाटलं, ही आपलीच माणसं. हळूच उतरला, पाय नसलेल्या जनावरासारखा, आणि कळपाच्या मधोमध येऊन बसला. कुठं ढग संपतो आणि कुठं मेंढी सुरू होते, कळेना. कोकरं त्याला ढुसण्या द्यायला लागली. एक तर त्याला लुचायला लागलं आणि पोट भरून झोपलं.

आणि ढग अडकला! रेघेच्या आत आला ना तो. आता सूर्य उगवेस्तोवर त्यालाही बाहेर जायची मुभा नाही. वीज बिचारी रेघेबाहेर घिरट्या घालत होती, कोकरू हरवलेल्या मेंढीसारखी. मधूनच ओरडायची. तिच्या उजेडात मेंढरांचे डोळे पाण्यातल्या दिव्यांसारखे लुकलुकायचे.

"लिंगा," अप्पा म्हणाले, "बसलाय तोवर कातरून घे."

मेंढी कातरायची तर आधी ओढ्यात धुवावी लागते. हा धुतलेलाच होता. मी कातर चालवली. लोकर थंडगार, हातात घेतली की बोटं दिसेनाशी व्हायची. ढीग वाढत गेला, ढग बारीक होत गेला. शेवटी कातरलेल्या मेंढीसारखा उघडाबोडका कुडकुडत बसला. सकाळी ऊन रेघेवर आलं, तसा उठला आणि मान खाली घालून आळंदच्या वाटेनं निघून गेला. वीज त्याच्या मागं.

"आन पाऊस?" राघोबाची विडी हातातच राहिली होती.

"आमच्या रानात एक थेंब न्हाई. रेघ जशीच्या तशी. मातीत कोरल्यावानी."

मी अंगाखालचं घोंगडं थोपटलं. "त्याच लोकरीचं हे. पाऊस येयाच्या आदल्या दिवशी आपसूक जड होतंय. मला कशाला हैदराबादेची तार लागतीय?"

राघोबा घोंगड्याला हात लावायला वाकणार, इतक्यात कोपऱ्यातलं लोकर पिंजणं थांबलं.

"खोटं हाय!" अंबुबाई म्हणाली. "एक थेंब न्हाई म्हणं! आवो, पहिल्या सरीतच रेघ पुसून गेली. ती पुसायचीच वाट बघत हुते मी. मामास्नी हाका मारल्या, तुमास्नी हाका मारल्या. तुमी बापलेक घोंगड्यात घोरत हुता. मंग मी इचार केला, रेघ मी मोडली न्हाई, बिरप्पानंच पुसली. गुंडेराव मालकाला हाताशी घेतलं, कोकरं वटीत घातली आन कळप माळावर हाकला. पाणी गुडघ्याला लागलं तवा तुमी उठला, आन पयलं काय इचारलं? ढग कुठं गेला म्हणं!"